पाच किलो, बराबर

अंगणवाडीचा ताणकाटा आमच्या ओसरीच्या तुळईला टांगलेला होता आणि लेकरांना बसवायच्या झोळीत ह्यांची पिशवी बसली होती. शेजारच्या काकू शेंगा निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "काय गं, लेकरू हाडकुळं हाय का?"

"न्हाई काकू," मी म्हटलं, "जास्तच पोसलंय. चौदा किलो भरलंय. पाचावर आणायचंय."

काकू हसल्या, मीही हसले. सरकारी काट्याला संसार टांगलेला बघून कुणालाही हसू येईल. सन अठ्ठ्याण्णवची दिवाळी नुकतीच झाली होती आणि आम्ही दोघं मंठ्याहून माहूरला पायी निघायच्या तयारीत होतो. दोनशे किलोमीटरच्या वर वाट, बारा-तेरा दिवसांची. सोबत कुणी नाही, दिंडी नाही, गाडी नाही. जे लागेल ते आपल्या पाठीवर. पाठीवर घ्यायचं म्हटल्यावर वजन आलं, आणि वजनाची गोष्ट आमच्या घरात साधी नव्हती.

आमचे हे मंठ्याच्या मोंढ्यात मापारी. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. पण ह्यांची ख्याती काट्यासाठी नव्हती, हातासाठी होती. पोत्याचा कान उजव्या हातानं धरून जरासं हलवायचे आणि काटा थांबायच्या आधी आकडा सांगून मोकळे. एक्याऐंशी साली मी लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी बाजारातली वांगी ह्यांच्या हातात दिली. हे म्हणाले, "पावशेर मारलं त्यानं." मला वाटलं, नव्या नवरीपुढं भाव खाऊन राह्यलाय माणूस. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तीच वांगी किराणावाल्याकडं नेऊन तोलली. बरोबर पावशेर कमी! नवऱ्याच्या आधी मी त्या हाताच्या प्रेमात पडले, असं म्हटलं तरी चालेल.

आमची पोरगी झाली तेव्हा नर्सबाई काटा शोधत फिरत होत्या. ह्यांनी तिला उजव्या तळव्यावर घेतलं, डावा हात मानेखाली धरला आणि म्हणाले, "दोन किलो सातशे." नर्सबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा हो, हा काय मोंढा आहे का?" मग काट्यावर दोन सातशेच भरले. पुढं मी अंगणवाडी सेविका झाले, तेव्हा आमची शर्यतच लागायची. महिन्याच्या वजनाच्या दिवशी हे मुद्दाम तिकडून जायचे, एखादं लेकरू उचलायचे, आकडा सांगायचे, आणि मी ते काट्याला लावायचे. सतरा वर्षांत मी त्यांना एकदाही चुकताना पाहिलं नाही. किती वाटायचं, एकदा तरी फसावा हा माणूस!

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता हे दुपारी घरी आले, जेवायला बसले आणि त्यांना भाकरी मोडता येईना. "बघ ना, हात झोपलाय," म्हणाले, आणि म्हणतानाच तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली होती. जालन्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई. लहानपणापासून जे काय रडगाणं ते मी रेणुकाआईपुढंच गायलेलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तिला म्हटलं, "आई, ह्यांना पायावर उभं कर. तुझ्या माहूरला ह्यांना पायी घेऊन येते."

तिनं ऐकलं. दोन महिन्यांत हे काठी सोडून चालायला लागले. तोंड सरळ झालं. बोटं मिटायला लागली, कुडत्याच्या गुंड्या लागायला लागल्या. मग एक दिवस सकाळी मोंढ्यात गेले आणि बाराच्या आत परत आले. "माल कमी होता आज," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माहूर करून येऊ, मंग जातो." मला बिलकुल काही कळलं नाही. मी मेली आनंदात होते, माणूस चालतोय म्हणून.

डॉक्टर म्हणाले, चाला, चालणं चांगलंच. पण खांद्यावर पाच किलोच्या वर काही घेऊ नका. ह्यांनी तिथंच मला बजावलं, "माझं वझं माझ्या पाठीवर. ज्या दिवशी तू माझं उचलशील, त्या दिवशी हितूनच मागं फिरायचं."

झालं. आता चौदाचे पाच करायचे होते.

पहिल्यांदा घोंगडी गेली. तिच्या जागी माझं जुनं सुती लुगडं चौघडी करून टाके घातले. पितळी तांब्या गेला, प्लास्टिकची बाटली आली. स्टोव्ह घ्यायचा हे माझंच खूळ होतं. ह्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मी तो परत फळीवर ठेवला. जेवणाला दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ. साबणाची वडी सुरीनं अर्धी केली. कंगवासुद्धा ह्यांनी करवतीनं मधोमध कापला आणि अर्धा मला दिला. "केस उरलेत किती माझे?" म्हणाले. टायरच्या तळाच्या चपला काट्यावर घातल्या तर एकेक अर्ध्या किलोच्या निघाल्या, म्हणून कापडी बूट आणले. ते घालून हे ओसरीत फेऱ्या मारायला लागले तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला.

तरी मेळ बसेना. हे वहीत एकेक वस्तू लिहून बेरीज मांडत. वहीत पाच आणि माझ्या काट्यावर सहा.

"काटा खोटा हाय तुझा."

"सरकारी काटा हाय. त्यावर साऱ्या वस्तीची लेकरं वाढली."

"मंग तू बारदान धरलं असशील."

मी कपाळावर हात मारला. मोंढ्यात धान्याचं वजन करताना रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात. तीस वर्षांची सवय ती. ह्यांनी तरटाची जाडजूड पिशवी शिवून घेतली होती, ती एकटीच किलोभर होती, आणि हिशेबात ती धरलेलीच नव्हती!

"अहो, बारदान काय मोंढ्यात ठेवून जाणार हाय का? ते पण तुमच्याच पाठीवर येणार ना?"

ह्यांनी वही मिटली आणि हळूच म्हणाले, "ते बाकी खरं."

छत्र्या दुरुस्त करणारे चाचा बसस्टँडजवळ बसायचे. त्यांच्याकडं गेलो. चाचा म्हणाले, "भाभी, पुराने छत्रीका कपडा लो. पानी नहीं लगता, वजन नहीं लगता. जल्दी मत करो, दोन दिवस द्या." त्यांनी जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, पट्ट्यांना आत गादीचा कापूस भरला. बारदान आलं शंभर ग्रामवर.

आता माझी पाळी आली. माझ्या पिशवीशेजारी एक गाठोडं वेगळंच ठेवलेलं ह्यांना दिसलं.

"हे काय?"

"ओटी. नारळ, खण, तांदूळ, लुगडं, हळकुंडं."

"काट्याला लावली का?"

"देवीच्या ओटीचं काय वजन धरतात का कुठं?"

हे इतके हसले, इतके हसले की खाटेवर बसावं लागलं. आजारानंतर पहिल्यांदाच हसले. "माझं बारदान धरतीस, अन् तुझी देवी फुकट जाती व्हय? आन् नारळ कशाला? माहूरला नारळ मिळत न्हाईत का?"

मला राग आला. अस्सा राग आला की संध्याकाळपर्यंत मी बोलले नाही. घरच्या देव्हाऱ्यापुढं ठेवलेला नारळ होता तो. पण रात्रीच्या भाकरी थापताना माझं मलाच हसू फुटलं. सकाळी मी नारळ देव्हाऱ्यात परत ठेवला, लुगडं काढलं, तांदळाची मूठभर पुडी आणि खण एवढंच घेतलं. ह्यांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत. शहाणे आहेत तसे.

अखेर ह्यांची पिशवी पाच किलो आणि माझी साडेपाच भरली. निघायला चार दिवस होते. आणि मला राहवेना. आजारातून उठलेला माणूस, पाच तरी कशाला? हे अंघोळीला गेले तशी मी त्यांच्या पिशवीतली गुळाची ढेप आणि चटणीचा डबा काढून माझ्यात घातला. दीड किलो गेलं. हे आले, उजव्या हातानं पिशवी उचलली. मी विचारलं, "किती?"

"पाच किलो, बराबर," हे म्हणाले.

फसवलं की मापाऱ्याला! मी आत जाऊन तोंड दाबून हसले. चुलीवर तवा ठेवला, भाकरी टाकली, आणि पाणी लावता लावता माझा हात थांबला. सतरा वर्षांत जो कधी फसला नाही, तो आज का फसला?

दुसऱ्या दिवशी मी त्याच पिशवीत तळाला वरवंटा घातला. चटणी वाटायचा, दगडाचा, तीन किलोचा. ह्यांनी उचलली.

"पाच किलो, बराबर."

हे हात धुवायला गेल्यावर मी वरवंटा बाहेर काढला आणि पाट्याजवळ बसून रडले. आता कळलं, मोंढ्यातून हे बाराच्या आत का परत आले ते. हात हलत होता, पण बोलत नव्हता. ह्यांना वहीतला आकडा पाठ होता, तोच हे म्हणून दाखवत होते. मी देवीपुढं पाय मागितले होते. हात मागायचा राहूनच गेला होता.

बोलू का नको, असं निघेपर्यंत तीन दिवस मनात चाललं. नाही बोलले. ज्या माणसानं लपवलंय त्याचं झाकण आपण का काढावं? आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. मी बोलले असते तर ते खरं झालं असतं.

निघालो. जिंतूरच्या वाटेला लागेपर्यंत ऊन चढलं. हे पुढं, मी मागं. सकाळी चार तास चालायचं, दुपारी एखाद्या लिंबाखाली टेकायचं, उन्हं कलली की पुन्हा दोन तास. मुक्काम देवळात, नाहीतर शाळेच्या ओसरीत. ह्यांनी धर्मशाळेच्या दाराला लावायला म्हणून घरून कुलूप आणलं होतं. पहिल्याच धर्मशाळेला दारच नव्हतं. मी इतकी हसले की हे चिडले आणि कुलूप तिथल्या पुजाऱ्याला देऊन टाकलं. असं वाटेनं आणखी काय काय कमी होत गेलं. अंथरायच्या दोन सतरंज्यांतली एक एका बाळंतिणीच्या घरी दिली. बॅटरी बिघडली, ती सोडली. माणसाला किती कमी लागतं ते चालायला लागल्यावरच कळतं.

पण रोज सकाळी आमचा एक खेळ चाले. हे तोंड धुवायला गेले की मी त्यांच्या पिशवीतलं काहीतरी माझ्यात घालायची. मग हे यायचे, पिशवी उचलायचे. मी विचारायची, "किती?"

"पाच किलो, बराबर."

दशम्या संपत चालल्या होत्या, गूळ निम्मा झाला होता, कुलूप गेलं, सतरंजी गेली, तरी पाच किलो, बराबर. ज्याचा हात शाबूत असता तो म्हणाला असता, साडेचार, चार, साडेतीन. मीही रोज म्हणायची, "बराबर." पुढं चालणाऱ्या माणसाची पाठ बघत मी मनातल्या मनात देवीशी भांडत होते. म्हटलं, बाई, एवढी चालून येतेय, एवढं एक राहिलेलं तेवढं कर की! न्हाई केलंस तर ह्या माणसाला मोंढ्याच्या दारातनं कोण आत नेईल?

हिंगोली मागं टाकली. पैनगंगा ओलांडली. पुसदच्या पुढं सागाची झाडं लागली आणि वाट चढायला लागली. माझा खांदा सोलवटला होता. मी पदर घट्ट गुंडाळून झाकायची. दहाव्या का अकराव्या दिवशी सकाळी एका विहिरीवर मी तोंड धूत होते, पदर खाली आला, आणि हे मागं उभे होते.

"काय हे?"

"काय न्हाई. पट्टा घासतो."

"पाच किलोनं असा वळ पडत न्हाई."

मी काही बोलायच्या आत हे वळले आणि पिशव्यांकडं चालू लागले. मी ओल्या तोंडानं मागं धावले. हे आपली पिशवी उजव्या हातात घेऊन उभे होते. खाली ठेवली, माझी उचलली. ठेवली. परत आपली उचलली. डोळे मिटले. पिशवी वर-खाली, वर-खाली, हळूहळू, जशी पूर्वी मोंढ्यात करायचे तशी.

"माझी दोन किलो," हे म्हणाले. "तुझी... सात. सातला जरा कमी."

मी जागच्या जागी उभी. वाटलं, आता म्हणणार, चल मागं. माहूर दोन दिवसांवर राहिलं होतं.

"रोज काढत होतीस?"

"हो."

"मंठ्यापास्नं?"

"मंठ्याच्या पण आधीपास्नं. एकदा वरवंटा पण घातला होता."

"वरवंटा?" हे एकदम खाली बसले. हसतात का रडतात ते मला कळेना. मग म्हणाले, "त्या दिवशी मोंढ्यात मुगाचं पोतं होतं. मी चाळीस म्हणालो. सत्तर निघालं. कुणी हसलं न्हाई गं. हसले असते तर बरं झालं असतं." माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला ठावं हाय हे मला ठावं नव्हतं."

"आणि आत्ताचा आकडा?" मी विचारलं. "अंदाजानं ठोकला का?"

"काय म्हाईत," हे म्हणाले. हाताकडं बघत होते. "चार-पाच दिवस झाले, सकाळी उचलताना काहीतरी लागत होतं. खोटं वाटायचं, म्हणून पाचच म्हणायचो."

पुढच्या गावात किराणा दुकान होतं. मी कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. ह्यांची पिशवी ओढून घेतली आणि दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, एवढी तोला." त्याला वाटलं काही विकायचं आहे. त्यानं पारड्यात घातली, मापं चढवली, उतरवली.

"दोन किलो शंभर."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे छाती काढून उभे होते.

"शंभर बारदान," म्हणाले. "बारदान म्या धरत नसतो."

त्या दुकानापुढं, भर रस्त्यात, मी त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि रडले. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, चारचौघांत कधी बोटाला बोट लावलं नव्हतं. दुकानदार बिचारा पिशवी हातात घेऊन थांबला.

"मागं फिरायचं का मंग?" मी डोळे पुसत विचारलं. "मी तुमचं उचललं की."

"फिरायचं कशाला? वाटून घ्यायचं," हे म्हणाले. आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या. गूळ उचलला, ठेवला. डबा उचलला, ठेवला. एकेक वस्तू हातात धरून बघत होते, लेकरू बघावं तसं, आणि एक मला, एक त्यांना असं वाटत होते. पिशव्या भरल्यावर दोन्ही एकेकदा उचलल्या.

"साडेचार, साडेचार. आता बराबर."

माहूरच्या गडाखाली पोचलो तेव्हा दुपार टळत होती. ओटीला नारळ घ्यायचा होता. घरचा तर ह्यांच्यापायी देव्हाऱ्यातच राहिला होता. पायऱ्यांच्या तोंडाशी एका बाईंचं दुकान होतं, पुढं नारळांचा ढीग. ह्यांनी एक उचलला. "साडेपाचशे ग्राम." ठेवला. दुसरा उचलला. "सहाशे. पाणी चांगलं हाय." ठेवला. तिसरा. चौथा. पाचवा. मागं गिऱ्हाइकं थांबली, दुकानवाल्या बाई वैतागल्या.

"ओ काका, घ्यायचा तर घ्या एखादा! समदा ढीग उपसून राह्यले!"

मी खण हातात घेऊन त्यांच्याजवळ उकिडवी बसले.

"राहू द्या ताई," मी म्हटलं. "उचलू द्या त्यांना. सगळे उचलू द्या."